शिळी भूल

आमच्या जावळीकडच्या घरात रात्रीची भाकरी सकाळी दह्याशी खाल्ल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. टाकणं म्हणजे पाप. हेच शहाणपण घेऊन मी सत्तरच्या दशकात मिरजेच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची नर्स झाले आणि पहिल्याच महिन्यात माती खाल्ली.

शिरेतून द्यायची भूल तेव्हा बाटलीत पावडर म्हणून यायची. डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, लागेल तेवढी वापरायची आणि उरलेली संध्याकाळी ओतून द्यायची. बाटल्या नेहमीच कमी पडायच्या. एका संध्याकाळी अर्धी बाटली उरली. माझा हात धजेना. ती मी गुपचूप फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या सकाळी सिरिंजमध्ये भरली. टेबलावर मेढ्याची एक बाई होती, अपेंडिक्सची. तिचा फौजी नवरा दाराबाहेर उभा होता.

थिएटरच्या थोरल्या सिस्टर सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. पाणीसुद्धा गाळून प्यायच्या. आम्ही पोरी मागून त्यावर हसायचो. त्यांनी सिरिंजकडे पाहिलं.

"कवा कालवलंस गं हे?"

औषध पाण्यासारखं नितळ होतं, थाप सहज खपली असती. पण त्या बाईसमोर खोटं बोलायला जीभच वळेना.

"कालचं हाय, सिस्टर."

त्यांनी सिरिंज तिथल्या तिथे बेसिनमध्ये रिकामी केली. "रातभर ठिवलेल्यात जीव पडत्यात. शिळं खाल्लं तर प्वाट तरी झुंजतं. हे सरळ रगतात जाणार. तिथं कोण झुंजणार?"

सर्जन भडकले. कपाटात एकच बाटली होती, तीही तातडीच्या पेशंटसाठी राखलेली. "कुणी ठेवलं होतं हे?"

"माझ्या थिएटरात राहिलं, म्हणजे मीच," सिस्टर म्हणाल्या आणि राखलेली बाटली उघडली. सर्जननी सगळ्यांदेखत त्यांना नाही नाही ते ऐकवलं. त्या शांतपणे नवी सिरिंज भरत राहिल्या. एवढं मोठं मन मी तोवर पाहिलं नव्हतं.

बाईला ताप आला नाही, जखम चिघळली नाही. आठव्या दिवशी टाके निघाले. घरी निघताना फौजी सिस्टरांच्या पाया पडायला आला. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या पडा. त्या दिशी हिनं खरं सांगितलं, म्हणून तुमची बायको धडधाकट हाय."

तो लगेच वाकला. मी पाय मागे घेतले आणि हुंदका काही आवरेना.

"आवं बाई," तो बिचारा गांगरला, "तुमी आमचं एवढं चांगलं केलंय, मग रडता कशापायी?"