आईच्या जबड्याचं स्कॅन

आईची खालची कवळी कधीच नीट बसली नाही. बोलताना उचलली जायची, जेवताना सरकायची. गेल्या वर्षी मी तिला गारखेड्यातल्या एका दंतवैद्याकडं नेलं. हाड झिजल्यामुळं नुसती कवळी टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जबड्याच्या पुढच्या भागात चार इम्प्लांट, म्हणजे हाडातच बसणारे स्क्रू, घालायचे आणि त्यांच्यावर कवळी बटणासारखी दाबून बसवायची. त्याआधी स्कॅन हवं होतं.

वडीलही बरोबर आले होते. पाचोडच्या शाळेतून निवृत्त होऊन ते शहरात राहायला आले, तेव्हापासून आईला कुठंच एकटं पाठवत नाहीत. तिला दुधात पोळी कुस्करून द्यायचे तेही तेच. माझ्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मैत्रिणींचे बाप पाहिले की मला माझ्या बापाचा अभिमान वाटायचा.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी आईला आणि मला आत बोलावलं. पडद्यावर डावीकडं, कानाच्या खाली, पेनाचं टोक ठेवून त्यांनी विचारलं, "आजी, हा जबडा कधी मोडला होता?"

दुसऱ्याच कुणाचं स्कॅन लागलंय असं समजून मी हसले. डॉक्टरांनी कोपऱ्यातलं आईचं नाव दाखवलं. हाड मोडून आपोआप वाकडं जुळलं होतं, जुनी गोष्ट होती.

"विहिरीच्या पायरीवरून पडले व्हते," आई म्हणाली. इतक्या पटकन, की हे उत्तर तिनं आधीही कुणाकुणाला दिलेलं असणार.

बाहेरच्या बोळात मी तिचा हात धरून खरं काय ते विचारलं. तिनं वडील बसले होते तिकडं एकदा पाहिलं.

"तुझ्या बापानं मारलं व्हतं. तांब्या फेकून. तू झाली नव्हतीस तव्हा."

"कशासाठी?"

"मी दहावीचा फॉर्म भरून आले व्हते. त्यास्नी न इचारता."

माझे वडील मास्तर होते. वस्तीतल्या मुलींना शाळेत पाठवा म्हणून ते घरोघर फिरलेले मला माहीत होतं. आईच मला समजावत राहिली, की गावातल्या हाडवैद्यानं फडकं बांधलं, महिनाभर पेज पिऊन काढला, आणि त्यानंतर त्यांनी कधी हात उगारला नाही.

तेवढ्यात वडील उठून डॉक्टरांच्या दारात गेले. "डाव्या बाजूला जुनं मोडलेलं आहे," ते म्हणाले. "स्क्रू धरतील ना?" त्यांना अजून कुणी काहीच सांगितलं नव्हतं. स्क्रू पुढं बसणार, काळजी नको, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी मान हलवली. मी भिंतीला टेकून उभी होते.

इम्प्लांट बसले. हाडात ते घट्ट बसेपर्यंत तीन-चार महिने गेले. तपासणीला मीच दोघांना नेत होते, पण वडिलांशी एक शब्द बोलत नव्हते. नवी कवळी बसली त्या दिवशी आईनं मूठभर भाजलेले शेंगदाणे खाल्ले, एकेक करून, सावकाश. वडील समोर बसून बघत होते. आई आत गेल्यावर मी त्यांना म्हणाले, "मला सगळं कळलंय."

"व्हय," ते म्हणाले. खाली पडलेली शेंगदाण्याची टरफलं गोळा करत म्हणाले, "माफी कधी मागितली नाय मी."

"मग मागा."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडं गेले तेव्हा आई चुलत्यांकडच्या लग्नाचं सांगत होती. आता तिचे शब्द स्वच्छ येतात. मधेच थांबून, काही विशेष नसल्यासारखं तिनं सांगितलं की वडिलांनी माफी मागितली.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, लई उशीर केला."

ते रडले का, मी विचारलं.

"मी नाय पाह्यलं," आई म्हणाली. "तव्यावर भाकर व्हती."