इंदूमावशींच्या अकरा फाइल्स

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — खरंच माहीत नाही.

मी मुलुंडला राहते, घरूनच लिहिण्याची कामं करते. कुणाच्या आईची पंचाहत्तरी असली की घरचे मला बोलावतात. मी आठवणी विचारते, छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करते, साठ-सत्तर पानांचं पुस्तक करून देते. घाटकोपरच्या सुजाताने आईसाठी असंच पुस्तक करून घेतलं. आई म्हणजे इंदूमावशी. मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागल्या, तिथेच म्हाताऱ्या झाल्या.

अकरा बैठका, अकरा रेकॉर्डिंग्ज. आणि मी — त्यातलं एकही ऐकलं नाही. कंटाळा केला. आठवलं तेवढं लिहिलं, बाकी रचलं. विहिरीवरच्या गमती, शाळेतल्या प्रेमळ बाई — सगळं माझं. मावशींनी पुस्तक मांडीवर घेतलं, सावकाश पानं उलटली आणि म्हणाल्या, "बरा लिवलंस." त्यांना कळलं नसेल?

दोन वर्षांनी मावशी गेल्या. महिन्याभराने सुजाताचा फोन — आईचा आवाज हवाय गं, रेकॉर्डिंग्ज देशील?

मी म्हटलं, लॅपटॉप क्रॅश झाला, सगळं गेलं.

लॅपटॉप धडधाकट होता. पण ती ऐकणार, मग पुस्तक काढून बघणार — आणि मग? ती मात्र मलाच समजावत राहिली, की असू दे, पुस्तक तरी आहे ना.

गेल्या वर्षी डिस्क भरली म्हणून साफसफाईला बसले. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' — उडवत गेले. मग 'बघू नंतर' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात त्या अकरा. डिलीट करणार होते. पुरावाच संपला असता, नाही का? तरी का कोण जाणे, सातवी लावली.

सुरुवातीला माझा फोन वाजतो. 'एक मिनिट हं मावशी' म्हणून मी रेकॉर्डर टेबलावर तसाच चालू ठेवून बाल्कनीत जाते. दार लागतं. थोडा वेळ नुसता पंखा.

"गेलंस काय गो? बरा."

आणि मग त्या रडायला लागतात. म्हणजे — तान्ह्या बाळासारख्या. आधी मोठं, खणखणीत रडणं. हा धडधाकट, म्हणतात. मग बारीक, चिरकं. हा दिवस भरायच्या आधी आलेला. मग भुकेल्याचं. मग एक दमून, अडखळत — ह्याका जरा पाठीर चोळूचा लागता. ऐंशीकडे झुकलेली बाई, रिकामी खोली, आणि एकामागून एक बाळं जन्माला येतायत! असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग त्या थांबतात.

"आणि माझो पयलो. तो रडलोच नाय."

शेजारी कुकरची शिट्टी. दार उघडतं. मी येते, खुर्ची ओढते आणि यादीतला पुढचा प्रश्न विचारते — मावशी, तुमच्या आवडीचे पदार्थ कुठले?

त्या शांतपणे सांगतात. तिसऱ्या वाक्याला मी हसतेसुद्धा.

मी अकराही ऐकल्या, चार दिवस दुसरं काही केलं नाही. इतकं मोठं काही माझ्यासमोर बसून बोलत होतं, आणि मी घड्याळ बघत होते.

पेनड्राइव्ह घेऊन घाटकोपरला गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. सुजाताने दार उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं — एकाने जुन्या डिस्कमधून काढून दिलं गं, फार खटपट केली.

तिने माझे दोन्ही हात धरले. सातवी फाइल आम्ही एकत्र ऐकली. आपल्याला एक भाऊ होता, हे तिला त्या दुपारी कळलं. पुस्तकाचं नाव तिने काढलं नाही.

मावशींच्या श्राद्धाला तिने मला आवर्जून बोलावलं. जेवायच्या आधी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं — हिने केवढी धडपड केली, हिच्यामुळे आई परत मिळाली. सगळे माझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्या काकांनी मला चक्क नमस्कार केला.

मीही त्यांना नमस्कार केला. आणि पानावर बसले.