मावशीकडून भाऊ

आमच्या पोरांच्या मायचं नातं लागणार नाही असा माणूस भंडारा जिल्ह्यात जन्मलाच नव्हता. अड्याळच्या बाजारात ती वांगी घ्यायला जायची आणि भाचा घेऊन यायची. मला सख्ख्या चुलत्याची पोरंही धड ओळखता येत नाहीत. ती मात्र बसमध्ये बूड टेकायच्या आत शेजारणीला गाव विचारायची, मग माहेर, मग मायचं माहेर, आणि पुढच्या थांब्यापर्यंत दोघी बहिणी होऊन सुनांची उणीदुणी काढत असायच्या. एकदा कंडक्टर तिकिटावरून खेकसला. हिनं त्याचं आडनाव विचारलं, तो सानगडीचा निघाला, आणि उतरताना तोच हिची पिशवी धरून उभा. दवाखान्यातल्या नर्सबाईला तर सुई टोचून घेता घेताच तिनं नणंद करून टाकलं. मी चिडायचो. घरी भात घरापुरता शिजायचा आणि खायला एखादा मावसभाऊ आलेला असायचा, ज्याला आपण मावसभाऊ आहोत हे त्याच दिवशी कळलेलं असायचं.

ही खोड नातीच्या लग्नात आडवी आली. आमच्यात मावशीकडून लागला तो भाऊच, त्याच्याशी लग्न नाही. त्यामुळे जो पोरगा पाहायला यायचा, त्याला ही पाण्याचा गिलास द्यायच्या आधी भाऊ करून मोकळी. किती चांगली पोरं अशी भाऊ होऊन, चहा पिऊन गेली. लेक डोक्याला हात लावून बसायचा. शेवटी मीच तोंड सोडलं, ''तुया हिशोबानं हिले परदेशातून नवरा आणा लागते.''

ती शांतपणे म्हणाली, ''तिकडं बी कोणी निघन जी आपलं.''

मग नातीनं स्वतःच एक पोरगा पसंत केला, चिखल्याच्या खाणीत कामाला असलेला. जीव जडला होता पोरीचा. त्याच्या घरचे येणार त्या दिवशी ती रडवेली होऊन मला म्हणाली, ''आबाजी, आजीले वावरात घेऊन जा ना.'' पण आजी आता वावरात जाण्यासारखी राहिलीच नव्हती. खाटेवरून उठताना भिंत धरायची.

पाहुणे आले. पोराची आजी बोलकी निघाली, बसल्या बसल्या आपलं माहेर सांगू लागली. नात दारातून माझ्याकडं बघू लागली. ही ऐकत होती. तिचे डोळे बारीक झाले, म्हणजे धागा सापडला, हे मी ओळखलं. पण ती म्हणाली, ''पोहे घ्या ना बाई अजून.'' बस. लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी तिच्या खाटेशी बसलो. ''काहून वो, आज नातं नाही सापडलं?''

''सापडलं ना.''

''मग?''

''मग काय जी. मी त आता जाऊन राहिली. पोरीले जगायचं हाये.''

लग्न तिला पाहायला मिळालं नाही. कोणत्या मावशीकडून, काय लागतो, ते तिनं मला सांगितलं नाही, आणि आता सांगणारं कोणी नाही. नातजावई येतो, पाया पडतो. गुणाचा पोरगा आहे, बोलतो थोडं. तो जेवायला बसला की मी समोर बसतो. कुठून ना कुठून तो तिच्या रक्ताचा आहे, एवढं मला ठाऊक. तो भात कालवत असतो आणि मी त्याचं नाक बघतो, हनुवटी बघतो, हसला तर गाल बघतो.

नात विचारते, ''आबाजी, काय पाहून राहिले जी?''

मी म्हणतो, काही नाही, वाढ त्याला.