मागच्या सीटमधला कागद

पस्तीस वर्षं झाली असतील, पण ती काळी अमेरिकी गाडी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मी कोलकात्यातच वाढलेला मराठी माणूस. तेव्हा बागबाजारच्या बाजूला उपनिरीक्षक होतो.

गाडी तिथल्याच एका जुन्या घराण्याची. नातवाने ती विकायला काढली, तेव्हा इंजिनावरचा नंबर नोंदणीपुस्तकातल्या नंबराशी जुळेना. गिऱ्हाईक परत गेलं. नातू ठाण्यात आला. "आमची गाडी ज्याच्या गॅरेजात असते, त्या मिस्त्रीने मूळ इंजिन काढून विकलं," म्हणाला. त्याच दिवशी आमच्या खबऱ्यानेही तेच सांगितलं. हा खबऱ्या मिस्त्रीच्या शेजारच्या गॅरेजवाल्याचा मेहुणा, हे मला ठाऊक होतं. तरी मी मिस्त्रीला उचललं.

साठीकडे झुकलेला माणूस. ती गाडी त्याने एकट्याने सांभाळलेली. चौकशीत तो एकच सांगत राहिला.

"स्यार, इंजिन तेच आहे. पुस्तक हरवलं होतं. दुसरं काढताना कारकुनाने नंबर चुकवला."

"पुरावा?"

"गाडीतच आहे. कारखान्यात गाडी बनताना एक कागद तिच्याबरोबर फिरतो. काय काय बसवलं, इंजिनाचा नंबर, सगळं त्यावर असतं. शेवटी तिथले कामगार तो सीटच्या स्प्रिंगांत खोचून देतात. मागची सीट उलटून बघा."

"म्हणजे गाडीची जन्मपत्रिका!" हवालदार म्हणाला. "मग मंगळ कुठल्या घरात आहे तेही सांगा, आजोबा."

सगळे हसले. मीही हसलो. "मग तो काढून का नाही ठेवलात?"

"गाडीचा कागद गाडीत राहतो, स्यार. मी कोण काढणारा?"

दुसऱ्या दिवशी गाडी जप्त केली. पंचनामा झाला, साक्षीदार सह्या करून घरी गेले. मग मनाला टोचणी लागली म्हणून मी एकट्यानेच मागची सीट काढून उलटी केली. स्प्रिंगांच्या जाळीत एक पिवळा पडलेला, टाइप केलेला कागद होता. इंजिनापाशी जाऊन नंबर ताडला. आकडा न् आकडा जुळला.

पण बडोबाबूंनी, म्हणजे आमच्या ठाणेप्रमुखांनी, गुन्हा उघडकीस आल्याचं वर कळवलं होतं. कागद दाखल करायचा तर साक्षीदार परत बोलवा, पंचनामा नव्याने लिहा, अटक चुकली हे कबूल करा. मी तो होता तिथेच खोचून ठेवला. कोर्टाचा तज्ज्ञ शोधेल, अशी स्वतःची समजूत घातली. तज्ज्ञाने फक्त इंजिन पाहिलं, आणि मिस्त्रीची सीटची गोष्ट कोर्टातही कोणी मनावर घेतली नाही.

बऱ्याच वर्षांनी मिस्त्री खटल्यातून सुटला. निकालात लिहिलं होतं, पुराव्याअभावी. गल्लीने त्याचा अर्थ लावला की चोर होता, फक्त सिद्ध झालं नाही. तोवर त्याचं गॅरेज बंद पडलं होतं. आरोपीच्या बाजूचा पुरावा नोंदवणं हेही पोलिसाचंच काम आहे. ते मला तेव्हाही माहीत होतं, आणि मी तासाभराचं लिखाण टाळलं.

गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती गाडी दिसली. नव्या मालकाने कागद चौकटीत लावला होता. "सीट दुरुस्त करताना सापडला, काका! इंजिन अस्सल आहे," तो कौतुकाने सांगत होता. मला तिथे उभं राहवेना.

मी मिस्त्रीचं घर शोधून काढलं. तो वारला होता. पन्नाशीच्या मुलीने दार उघडलं. मी सगळं सांगितलं आणि लिहून नेलेला जबाब पुढे केला. तिने तो हातातही घेतला नाही.

"मला कशाला? बाबांनी चोरी केली नाही, हे आम्हाला माहीतच होतं. गल्लीत वाचून दाखवा."

कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापाशी उभं राहून मी तो बंगालीत वाचला. माझं नाव, हुद्दा, केलेली लबाडी, सगळं. बाकावर चार-पाच माणसं होती, बहुतेक तरुण. एकाने कप खाली ठेवून विचारलं, "कोण मिस्त्री?"

"माझे बाबा," मागून ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "परत वाचा. मोठ्याने."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.