शांत झाले

मी मूर्तिजापूरकडची. तुमचं बोलणं म्हणजे दगड भिरकावल्यासारखं, असं कॉलेजातल्या पुण्याच्या मॅडम म्हणायच्या. ते मनाला इतकं लागलं, की अमरावतीत परक्या माणसाशी मी शुद्धच बोलायची. फार हौस होती मला.

आमच्या घरमालक काकांचा ताप डोक्यात गेला होता. रात्रंदिवस बडबडायचे, उठून पळायला पाहायचे. झोप लागली तर माणूस हाती लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. त्या दुपारी एकदाचा त्यांचा डोळा लागला. मला पलंगाजवळ बसवून काकू औषधं आणायला निघाल्या. "त्यायले उठू देऊ नको माय," एवढंच म्हणाल्या.

अन् नेमका तेव्हाच निवडणुकीचा निकाल लागला. आमच्याच कॉलेजचा एक जुना विद्यार्थी वॉर्डातून निवडून आला होता, त्यामुळे सगळं कॉलेज रस्त्यावर. डीजेनं मांडणीवरच्या पराती थरथरायला लागल्या. काकांच्या पापण्या हलल्या. माझं डोकंच भणकलं. फाटकात जाऊन मी दोन्ही हात वर केले.

जीप थांबली. "काय झालं ताई?" निवडून आलेल्यानंच विचारलं. माझ्या तोंडात शिव्याच होत्या, पण गळ्यात हार घातलेला माणूस समोर आणि मी झाले शुद्ध. "अहो, आमचे काका आत्ताच शांत झाले. कृपया वाजवू नका."

आमच्या भाषेत 'आत्ताच चुप झाले' म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं?

डीजे बंद झाला. एवढी पोरं, पण एकाचाही खोकल्याचा आवाज नाही. वा रे शुद्ध भाषा, म्हणून मी मनात फुगले. तेवढ्यात पोरं चपला काढायला लागली. एकेक करून आत यायला लागली.

मोठ्यानं ओरडायची तर सोय नव्हती, काका उठले असते. "अहो, तसं नाही, ते झोपलेत," मी कुजबुजले.

"हो ताई, झोपल्यासारखेच दिसतात," एक जण म्हणाला आणि त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "धीर धरा."

गुलालानं सगळ्यांची तोंडं सारखीच झाली होती, नुसते डोळे पांढरे. वाकायचे, पायांना हात लावायचे, सरकायचे. काकांची पावलं गुलाबी झाली. निवडून आलेल्यानं गळ्यातला हार काढून त्यांच्या छातीवर ठेवला. हार खाली-वर होत होता. अगदी उघड होत होता. तरी एकालाही तो दिसला नाही. मला भीती वाटली, खरंच सांगते, की हे फक्त मलाच दिसून राहिलं की काय.

काकू आल्या. फाटकाशी चपलांचा ढीग, आत माणसं, अन् एक पोरगा बाजूला होत म्हणाला, "या काकू." त्यांनी जो हंबरडा फोडला!

काकांनी डोळे उघडले.

पोरं कशी पळाली ते देवालाच ठाऊक. अर्ध्या चपला तिथंच राहिल्या. काका मात्र दचकले नाहीत. हार पाहिला, रडणाऱ्या काकू पाहिल्या. "कोन गेलं?"

"कोनीच नाही जी," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

काका पुन्हा हाराकडे पाहायला लागले. "मंग मले नेऊन काहून नाही राहिले?"

ताप उतरला. डॉक्टर खूश झाले. पण काका जेवेनात. ताट पुढं केलं की म्हणायचे, "गेल्या मानसाले कायले वाढता?" बोलण्यात राग नव्हता, बडबड नव्हती. काकू समजावायच्या, भांडायच्या, पदरात तोंड घालायच्या. मी काकांना बोट धरून गल्लीत फिरवून आणायची. "पाहा काका, सगळे तुमच्याशी बोलतात," म्हणायची. ते हसायचे. कोणी रामराम घातला तर उत्तर देत नसत.

एका सकाळी काकू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. जन्मात कधी शुद्ध बोलल्या नव्हत्या. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "शांत झाले."

"काकू," मी म्हटलं, "चुप झाले म्हना ना. झोपले म्हना."

त्यांनी म्हटलं नाही.