तीन घरं डावीकडे

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या मराठी घरांत गणिताचा विषय निघाला की कमलिनीचं नाव निघायचं. वेंगुर्ल्याकडची ही बाई लग्न होऊन दुबईत आली आणि नवऱ्याच्या पोळीभाजीच्या धंद्याला हातभार लावता लावता जेवणाच्या टेबलावर मुलं शिकवू लागली. फळा नव्हता. पोळ्या गुंडाळायचा बटर पेपर होता. त्यावर ती आलेख काढी, कागद उलटा करून दाखवी, सरकवून दाखवी. तिच्या हातात गणित कापडासारखं वळे.

मग जुमेरा लेक टॉवर्समध्ये पर्णिका क्लास घेऊ लागली. वय तिशीच्या आत, आणि भिंतीएवढा स्क्रीन. एकेक मूल तिकडे वळलं. ज्या खिडकीतून ते टॉवर दिसत, तिचा पडदा कमलिनी दिवसाही ओढून ठेवू लागली.

"ऊन येतं," ती म्हणे.

"उत्तरेच्या खिडकीतून?" नवरा नागेश विचारी.

उरली सोनम, पाचवीपासूनची. तीही आता दोन्हीकडे जात होती. पुढच्या महिन्यापासून एकच क्लास, असं आईनं बजावलं होतं. कुठला, ते सोनमनं ठरवायचं होतं.

शनिवारी सोनमच्या फोनवर कमलिनीला पर्णिकाचा धडा दिसला. दोनाचा घात तीन वजा एक्स. आधी आरसा, मग तीन घरं उजवीकडे, असं तिथं लिहिलं होतं.

"उजवीकडे?" कमलिनीच्या जिवात जीव आला. "मी काय शिकवलंय?"

"आधी तीन घरं लेफ्ट, मग फ्लिप."

"म्हणजे हे चूक आहे."

"बट आंटी, शी इज नेव्हर राँग."

"लाव तिला फोन."

पर्णिकाचा चेहरा फोनवर उमटला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काढून बघूया ना, ताई. तुम्ही तुमच्या रीतीनं, सोनम माझ्या."

कमलिनीनं बटर पेपरचे दोन कागद फाडले. दोनाच्या घाताची रेघ काढली. डावीकडून जमिनीलगत सरपटत येणारी, उजवीकडे आभाळात चढणारी. ती तीन घरं डावीकडे नेली, मग उभ्या अक्षावर उलटवली. सोनमनं दुसऱ्या कागदावर आधी उलटवली, मग तीन घरं उजवीकडे नेली. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात काचेला चिकटवायचे, तर पडदा उघडावा लागला.

काचेवर रेघ एकच दिसत होती.

आरशात गेलं की डाव्याचं उजवं होतं, हे कमलिनी वर्षानुवर्षं शिकवत आली होती. आज तेवढंच तिला दिसलं नव्हतं.

"सेम आहे, आंटी. खलास."

"कागदावर किती छान कळतं हो," फोनमधून पर्णिका म्हणाली. "माझ्या मुलांना असंच दाखवू का, ताई?"

ती चुकली असती तर बरं झालं असतं. निदान उर्मट निघाली असती तरी चाललं असतं.

"दाखव," कमलिनी म्हणाली. "पण माझं नाव सांगून."

"नक्की, ताई."

निघताना सोनम दारात घुटमळली. "आंटी, नेक्स्ट मंथ... सगळे फ्रेंड्स तिकडेच आहेत."

"जा. आणि हा बटर पेपरचा रोल ने तिला. दुसरा कागद जाड पडतो."

दार लागलं. काचेवर ते दोन कागद अजून चिकटलेले होते, मागे उन्हात टॉवर. कमलिनीनं आपला कागद बोटभर बाजूला सरकवला. रेघा दोन झाल्या. तशाच ठेवून ती कणीक मळायला गेली.