बंद क्रशरमधला उजेड

बहुतेक प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच ठेवून आलो. गोदाकाठच्या त्या तलाठी मुलीचं प्रकरण मात्र माझ्यासोबत घरी आलं. अजूनही सकाळचा चहा घेताना ते एकदम समोर उभं राहतं, आणि खरं सांगतो, बरं वाटतं.

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला, शहागडच्या बाजूच्या पट्ट्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. वाळूचोरी हे आमच्या हद्दीचं जुनं दुखणं. अशात महसूल खात्यात तिशीच्या आतली एक तलाठी बदलून आली. आवाज बारीक, पण हिंमत दांडगी. आल्या आल्या तिने वाळूने भरलेल्या दोन हायवा, म्हणजे मोठे डंपर, पकडून तहसीलच्या आवारात उभ्या केल्या.

एका संध्याकाळी ती कार्यालयातून स्कूटीने निघाली आणि घरी पोहोचलीच नाही. वडील ठाण्यात आले. मिसिंग दाखल केली, नाकाबंदी लावली. पहाटे कालव्याच्या कडेला स्कूटी सापडली. शेजारी एक चप्पल पडलेली. मिसिंगचा अपहरणाचा गुन्हा झाला. तिचा फोन दिवेलागणीला त्याच भागात बंद पडलेला.

सकाळी तलाठ्यांनी काम बंद केलं आणि सगळे ठाण्यासमोर येऊन बसले. वडील व्हरांड्यातल्या बाकावर होते. कुणी पाणी दिलं तरी पेला हातातच धरून बसायचे.

हायवांच्या मालकांकडे पथक धाडलं, तर ते घरी नव्हते. तेवढ्यात फाट्यावरच्या चहावाल्याचा फोन आला. तो माझा जुना खबऱ्या.

“सायेब, तलाठीनबाईनं ज्याचं पोकलेन धरल्तं ना, तो भाई काल सांजच्याला पिकअप घेऊन डोंगराकडं गेल्ता. एकलाच. लई उशिरा उतरला.”

हा भाई म्हणजे तालुक्यातला खोदकामाचा कंत्राटदार. चाळिशी ओलांडलेला, धिप्पाड, मितभाषी. शेततळी, घरांचे पाये, पाइपलाइनच्या चाऱ्या, विहिरीचा गाळ, जमिनीला भोक पाडायचं कुठलंही काम त्याच्याकडे जायचं. कब्रस्तानातली खोदाई तो फुकट करायचा, आणि गावाची स्मशानभूमी सपाट करून दिली तीही फुकट. पण आठवड्यापूर्वीच विनापरवाना मुरूम उचलला म्हणून त्या मुलीने त्याचं पोकलेन जप्त केलं होतं. तहसीलच्या आवारात तो तिच्यावर चढ्या आवाजात बोलला होता, हे दहा जणांनी ऐकलेलं. हेतू होता, वाहन होतं, आणि तो ऐनवेळी घरी नव्हता. आम्ही त्याला पिकअपसह उचलून आणला.

बाहेरच्या गर्दीला ते कळलं आणि आरडाओरडा सुरू झाला. “आमच्या ताब्यात द्या” इथवर मजल गेली. मी दार लावून घेतलं.

“काल संध्याकाळी कुठे होतास?”

“घरी व्हतो साहेब.”

त्याच्या फोनचा सीडीआर, म्हणजे कॉल आणि टॉवरची नोंद, टेबलावरच होता. त्याचा फोन डोंगराजवळच्या टॉवरवर होता. मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

ठाण्यात माणूस खोटं बोलतो ते नेहमी गुन्हा लपवायलाच असं नाही. कुणी लाजेपोटी बोलतो, कुणी घरच्यांच्या भीतीने. आमच्या जमादारांनी बाह्या मागे सारल्या. मी त्यांना हाताने थांबवलं आणि वेगळाच प्रश्न विचारला.

“काम सुटल्यावर काय करतोस?”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, “हसू नका साहेब. तारे काढतो.”

“म्हणजे?”

“फोटो. कॅमेरा हाय माझ्याकडं. अंधाऱ्या रात्रीला डोंगरावर तिपाई लावतो आन् फोटो काढत राह्यतो. तीन सालापासून करून राह्यलो. घरात बायकोला तेवढं म्हाईत. पोकलेनवाला तारे बघतो म्हणलं तर लोक टिंगल करतील. वर जागा फॉरेस्टची. आधीच एक केस अंगावर, मंग दुसरी कशाला, म्हणून घरी व्हतो बोललो. बाईला मी ओरडलो, बिलकुल खरं हाय. पण हात लावायचं माझ्या मनात सुदिक आलं न्हाई.”

जमादार हसलेच. मी पिकअप तपासायला लावली. सीटमागे जुन्या रजईत गुंडाळलेला कॅमेरा आणि तिपाई सापडली. पंच बोलावून पंचनामा केला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड ठाण्याच्या संगणकाला लावलं.

पडद्यावर आभाळ उघडलं. ठाण्यातला तो कळकट संगणक, आणि त्यावर चांदण्यांनी गच्च भरलेलं काळंभोर आभाळ. खाली डोंगराची कड, गावांचे दिवे. एकामागून एक, सगळे एकाच जागेवरून काढलेले फोटो. प्रत्येकावर वेळ होती. सुरुवातीचे काही तर मावळतीच्या उजेडातले होते. मुलीचा फोन बंद पडला त्याच्या बऱ्याच आधीपासून हा माणूस डोंगरावर तिपाईपाशी होता. जमादारांचं हसू थांबलं.

मी पुढचे फोटो सरकवत होतो, तोच भाई खुर्चीतून अर्धवट उठला.

“थांबा साहेब. एक मागं घ्या. हा उजेड कायचा?”

डोंगराच्या उताराला एक पिवळा ठिपका होता. त्याआधीच्या फोटोत तिथे अंधार, आणि त्या अंधारात वर चढत गेलेली गाडीच्या दिव्यांची एक पांढरी रेघ. मुलीचा फोन बंद झाल्यानंतर थोड्याच वेळाची.

“तिथं खडी क्रशर हाय, बंद पडलेलं,” तो म्हणाला. “पाया मीच खोदल्ता. मशीन विकली, लाईट तोडली. तिथं कुत्रं सुदिक जात न्हाई. मंग दिवा कोण लावला?”

मी शेवटच्या फोटोपर्यंत गेलो. ठिपका तसाच होता.

जागा कळली, पण जायचं कसं हा प्रश्न होता. वाळूवाल्यांची माणसं चौकाचौकात मोटारसायकलवर बसलेली असत. आमची जीप हलली की त्यांचे फोन सुरू. त्यांना सुगावा लागला असता, तर मुलीचं काय झालं असतं हे बोलायची गरज नव्हती.

“साहेब, माझा टिपर घ्या,” तो म्हणाला. “मागच्या अंगानं मुरमाचा रस्ता हाय, मीच पाडल्ता. मी रोज कुठं ना कुठं मुरूम आणतो, माझ्या गाडीकडं कोणी बघत न्हाई. पण चालवणार मी. तो घाट दुसऱ्याला जमायचा न्हाई.”

सकाळचा संशयित दुपारी माझ्या पथकाचा ड्रायव्हर झाला. वरिष्ठांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “तुमची खात्री आहे?” मी हो म्हणालो.

भर उन्हात टिपरच्या तापलेल्या पत्र्यावर आम्ही आठ जण आडवे पडलो, वरून ताडपत्री. त्यात आमची एक महिला शिपाई होती, सगळ्यांत आधी तीच चढली. फाट्यावर कुणीतरी ओरडून विचारलं, “काय भाई, सोडलं का पोलिसांनी?” भाईने गाडीचा वेग कमी न करता उत्तर दिलं, “सोडलं बाबा. चौकशीच व्हती. चाललो कामाला!”

क्रशरच्या मागे गाडी थांबली. पुढच्या अंगाला दोघे जण पत्ते खेळत बसले होते. हातातले पत्ते खाली पडायच्या आत आम्ही त्यांना धरलं. तिसरा पळाला, त्याला जमादारांनी खडीच्या ढिगाऱ्यावर गाठलं. महिला शिपायाने लाथेने दार उघडलं.

मुलगी कोपऱ्यात होती. हात बांधलेले, ओठ फुटलेले, पण डोळे शाबूत आणि संतापलेले. त्या हायवा रिकाम्या होत्या असं लिहून दे, म्हणून रात्रभर तिला दमदाटी चालली होती. तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. पाणी पिऊन तिचं पहिलं वाक्य होतं, “सर, माझ्या गाड्या आवारातच आहेत ना?”

बाहेर आल्यावर स्टेअरिंगवर तिला भाई दिसला आणि ती थबकली. तो खाली उतरला, केबिनचं दार धरून उभा राहिला.

“ताई, तुम्ही माझं पोकलेन धरलं ते बराबर व्हतं. चुकी माझी व्हती. या, पुढं बसा.”

ठाण्यासमोर टिपर थांबला, तेव्हा सकाळी ज्यांना भाई ताब्यात हवा होता, त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. तो धिप्पाड माणूस अवघडून “अरे खाली ठेवा, खाली ठेवा” करत होता. वडिलांनी आधी मुलीला कवटाळलं, मग येऊन त्याचे दोन्ही हात धरले.

हायवांचे मालक दोन दिवसांत परजिल्ह्यात सापडले. खटल्यात ते फोटो पुरावा म्हणून दाखल झाले. बचाव पक्षाच्या वकिलांनी भाईच्या उलटतपासणीत खोचक विचारलं, “खोदकाम करणाऱ्याला ताऱ्यांत काय कळतं?” तो शांतपणे म्हणाला, “काही कळत न्हाई साहेब. चांगले दिसतात.” न्यायालयात हशा पिकला. आरोपींना मात्र शिक्षा लागली, आणि ती वरच्या कोर्टातही टिकली.

संशय घेतल्याशिवाय पोलिसाचं भागत नाही. पण ज्याच्यावर संशय घेतला, त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायला जो कंटाळतो, त्याने चौकशीला बसू नये. पुढे हाताखालच्या प्रत्येक नव्या फौजदाराला मी हेच शिकवलं. कारण त्या दिवशी त्या खोलीत आम्ही एका माणसाचं नीट ऐकून घेतलं, आणि एक बाप संध्याकाळी आपल्या लेकीला घेऊन घरी गेला.